काडीवरचा पिवळा

काका, सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांचे फेटे यंदा लांबूनही पिवळेधमक दिसतायत. त्याचं श्रेय ज्याचं त्याला चारचौघांत द्यायलाच हवं.

हळदीच्या गावात पिवळा रंग जमू नये, ही तशी लाजेचीच गोष्ट. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमचे तीन इंची मावळे मात्र दरवर्षी शेवाळलेले फेटे बांधून उभे. दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, "अजून एक हात मारा." मारला. चौथ्या हाताला फेट्याच्या घड्या बुजल्या, नाकडोळे लापशीत बुडाल्यासारखे झाले, आणि हिरवट झाक होती तिथेच. एकाने फ्लोरोसंट बाटली गळ्यात मारली. तोही रंग पारदर्शकच, आमच्या काळ्या अस्तरावर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हातावर, मातकट दिसला, वर उन्हात आठवडाभरात उतरला. सल्ला देणाऱ्यांचं काय जातं, बाटली तर खपली!

तुम्ही बाटली काढली नाहीत. नवरात्र तोंडावर, तुमच्या देवीमूर्तींच्या डोळ्यांची आखणी व्हायची होती, आणि तुम्ही आइस्क्रीमची एक काडी उचललीत. तिच्यावर तीन पट्टे ओढलेत: काळा, पांढरा, फिका गुलाबी. वाळल्यावर तिन्हींवरून एकाच डबीतल्या पिवळ्याचे दोन पातळ हात. काळ्यावर तो शेवाळी झाला, पांढऱ्यावर लिंबासारखा, आणि गुलाबीवर झेंडू! पिवळा पारदर्शक, खालचं अस्तर त्यातून वर येतं, आणि काळ्यात मिसळलेला पिवळा डोळ्याला हिरवाच भासतो. हे तोंडी सांगूनही झालं असतं. पण तुम्ही प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला नखाएवढं अस्तर मुद्दाम उघडं ठेवलंत, खाली पेन्सिलीने 'काळा, पांढरा, गुलाबी' लिहिलंत आणि काडी हातात दिलीत. तुम्ही समोर नसतानाही कळावं म्हणून तेवढं नखभर उघडं ठेवणं. खरं सांगायचं तर या पत्राचं कारण तेवढंच आहे.

बाकीचंही कामाला आलं. प्लास्टरचा मावळा पाणी ओढतो, म्हणून पहिला हात कुठे गडद, कुठे फिका बसतो. एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी असा हात आधी दिला, तो पुरता वाळल्यावर पांढरं अ‍ॅक्रिलिक अस्तर, तेव्हा अंग एकसारखं झालं. पोस्टर कलर बाद केले. त्यांचा वाळलेला थर पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे दुसरा हात पहिल्याला उकरून काढतो. शिवाय किल्ल्यावर हळीव पेरलेला असतो, रोज पाणी शिंपडायचं. गेल्या वर्षी अंगरख्याचा लाल विजारीवर ओघळला तो त्यामुळेच. आणि रंग नेहमी पायाकडून का पोपडतो, तेही तुमच्यामुळेच कळलं. ओली माती तळातून चढते. वरून वॉर्निश मारायचं सगळ्यांना सुचतं, मावळा उलटा करून तळव्याला मारायचं कोणाला सुचत नाही.

रंगाचे दोन थेंब, पाण्याचा एक, ताकाइतका पातळ. मग ब्रश फडक्याला टेकवून आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ. रेघ कडेच्या चिरेत पळाली तर ब्रशमध्ये पाणी जास्त, ओढताना तुटली तर रंग घट्ट. ऑक्टोबरच्या उन्हात रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, त्यावर तुमचा उपाय म्हणजे डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. दुपारभर ओला राहतो. लाल उजळायला पांढरा घातला की गुलाबी होतो, तिथे नारिंगी घालायचा. पिवळ्याच्या सावलीला काळा नाही, गेरूची तपकिरी. आणि सगळंच भडक केलं तर काहीच भडक दिसत नाही, म्हणून फेटा पिवळा ठेवून ढाल-जोडे मळकट ठेवले. हे तर पीतांबर रंगवणाऱ्यालाच सुचावं!

एक गोष्ट मात्र तुमची ऐकली नाही. वॉर्निशआधी पूर्ण दिवस थांबा म्हणालात, पोरं संध्याकाळीच डबी उघडून बसली. सहा मावळ्यांच्या पाठी दुधाळल्यात. ते सहाजण बुरुजाला पाठ टेकवून उभे केलेत, पहाऱ्यावर.

आपल्याकडे हातातली विद्या झाकून ठेवायची रीत फार. रंगाचं प्रमाण विचारलं तर माणूस डबीवर हात ठेवतो. तुम्हाला तीन इंची मावळ्यांतून एक रुपया सुटणार नव्हता, आणि मागे बारा देवी डोळ्यांविना खोळंबल्या होत्या. अशी माणसं गावात असली की पोरांना गुण लागतात, दुसरं काय.

वसुबारसेला या, किल्ला दाखवतो. काडी रंगांच्या डब्याच्या झाकणाला सुतळीने बांधली आहे. ती परत मिळणार नाही. जमलं तर लाल रंगाची दुसरी करून आणा.

तुमचे,
गल्लीतले किल्लेवाले, सांगली