यादीत नसलेल्या वाड्यांसाठी

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

दिव्यांच्या अवसेला आमच्या घरी एक दिवा इर्शाळवाडीच्या नावाने लागतो. २०२३ साली ती अवस १७ जुलैला होती. दोनच दिवसांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळगडाखालची ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस होते. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत. २३ जुलैला शोध थांबला आणि ती माणसं तिथल्या मातीतच राहिली. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी अंधारात डोंगर चढतानाच हृदयविकाराने गेला, कारण वर जायला रस्ता नव्हता. दिवा त्याच्यासाठीही असतो.

गडावर जाताना मी त्या वाडीत थांबलो होतो. एका आजीने ओटीवर बसवून तांब्याभर पाणी दिलं. तिचं नाव मी विचारलं नाही. त्या रात्री ती वाडीत होती का, मला आजही माहीत नाही. हात जोडले की ती ओटी डोळ्यांपुढे येते.

साहेब, इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. त्याआधी २०१४ मध्ये माळीणला १५१ माणसं गेली होती, २०२१ मध्ये महाडच्या तळीयेत ऐंशीहून अधिक. एवढं होऊनही एक वाडी यादीबाहेर राहते, तर अशा आणखी किती असतील, या विचाराने पाऊस जोरात लागला की झोप येत नाही.

माझं मागणं एवढंच आहे: पावसाळ्याआधी तुमच्या माणसांना पायी त्या वाड्यांवर पाठवा. भूवैज्ञानिक सोबत असू द्या, पण आधी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुठे जमिनीला भेग पडली, कोणत्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, कोणतं झाड कलायला लागलं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं बोलणं लिहून घ्या आणि वाडीचं नाव यादीत घाला, मग तिथे दहाच घरं का असेनात.

आणि अतिवृष्टीचा इशारा आला म्हणून लोकांना खाली आणाल, तेव्हा शेळ्या-कोंबड्यांचीही सोय करा. शाळेच्या वर्गात माणसं मावतात, पण शेळ्या वरच राहिल्या तर घरातलं कुणीतरी त्यांच्यापाशी थांबतंच. दोन वेळचं पोट त्यांच्यावर असतं.

इर्शाळवाडीतल्या वाचलेल्यांसाठी सिडकोने पक्की घरं बांधली, त्याबद्दल मनापासून आभार. तशीच घरं इतर वाड्यांना दरड कोसळायच्या आधी मिळावीत, त्यांच्या भाताच्या खाचरांपासून आणि रानापासून फार लांब नसावीत.

येत्या अवसेच्या आत एखाद्या वाडीवर तुम्ही स्वतः चढून या. ओटीवर बसा. पाणी मिळेल.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक रहिवासी