योनाचा राग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तू म्हणालास, जुन्या करारातला देव सदा डाफरत असतो आणि संदेष्टे त्याचे चोपदार. निम्मं खरं आहे. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणाऱ्यांवर संदेष्टा आमोस असा तुटून पडतो की आजही अंगावर येतं. पण तू त्याच जुन्या करारातला योना या संदेष्ट्याचा ग्रंथ वाच. चारच अध्याय. मोठा मासा योनाला गिळतो ते प्रकरण सोडून दे, सगळे तिथेच अडकतात.

खरी गोष्ट निनवे शहराची. आजच्या इराकमध्ये मोसुलसमोर, तैग्रिसच्या पलीकडच्या काठाला तिचे अवशेष आहेत. ही अश्शूरी साम्राज्याची राजधानी. इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य इ.स.पू. 722 च्या सुमारास बुडवलं ते याच अश्शूरींनी. पुढे 701 मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीबाने दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातलं लाखीश शहर घेतलं आणि तो पराक्रम दगडात कोरून निनवेतल्या महालाच्या भिंतींना लावला. ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका जागी कैद्यांना जमिनीवर ताणून कातडी सोलताहेत, दुसरीकडे बैलगाडीवर बायकापोरं घालून माणसं गाव सोडून निघालीत. बहुतेक अभ्यासक योनाचा ग्रंथ यानंतरचा मानतात. म्हणजे ऐकणाऱ्यांना निनवे काय चीज आहे हे सांगावं लागत नव्हतं.

देवाने निनवेला जा म्हटल्यावर योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो, ते भेकडपणाने नव्हे. त्याला धास्ती वेगळीच: हे लोक वळले तर देव त्यांना सोडून देईल. आणि होतं तसंच. 'चाळीस दिवसांनी निनवे उलथेल' एवढंच तो ओरडतो, आणि राजा सिंहासन सोडून राखेत बसतो. गुराढोरांनाही उपास, त्यांच्याही अंगावर गोणपाट! (लिहिणाऱ्याला इथे हसू आवरलं नसावं.) मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, मात्र एक मार्मिक जागा आहे. दुष्काळातल्या उपासाच्या दिवशी एक वडीलधारा माणूस लोकांना सुनावतो की देवाने निनवेकरांचं गोणपाट आणि उपास पाहिला असं लिहिलेलं नाही, त्यांची करणी पाहिली असं लिहिलंय. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये योनाचा हाच ग्रंथ वाचतात, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडेही.

मला मात्र योनाचा संताप पटतो. 'यापेक्षा मरण बरं' म्हणून तो शहराच्या पूर्वेला जाऊन बसतो, आता काय होतंय ते बघत. एक रोप उगवून सावली धरतं, दुसऱ्या पहाटे कीड लागून वाळतं, आणि हा त्यासाठी हळहळतो. देव विचारतो, तुला त्या रोपाची कीव येते, मग जिथे डावं-उजवं न कळणारी 1,20,000 वर माणसं आहेत, शिवाय एवढी गुरं, त्या शहराची मी करू नको? ग्रंथ इथेच संपतो. योना काय म्हणाला, पत्ता नाही. लाखीशच्या त्या गाडीवरच्या बाईला हा प्रश्न विचारला असता तर? मला तिच्या तोंडी घालायला उत्तर सुचत नाही.

आणि गंमत बघ. निनवे शेवटी पडलीच, इ.स.पू. 612 मध्ये, बाबेली आणि मेदी फौजांच्या हातून. त्यावर नहूम या दुसऱ्या संदेष्ट्याचा अख्खा ग्रंथ आहे. त्याचाही शेवट प्रश्नानेच होतो: तुझा जाच कोणाला झाला नाही? बातमी ऐकणारे तिथे टाळ्या पिटताहेत. बारा लहान संदेष्ट्यांत हे दोन्ही ग्रंथ ठेवणाऱ्यांनी कोणाचीच बाजू कापली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

नहूम तीनच अध्यायांचा आहे. दोन्ही लागोपाठ वाच आणि तू कोणाच्या बाजूने ते कळव. मी अजून नहूमाकडे झुकतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र