अँजेलोस यांचा हिशेब फक्त धावफलकावर नको

मा. संपादक,

आपल्या क्रीडा पुरवणीत संघमालकांच्या हट्टीपणावर आलेला लेख वाचला. त्यात बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे दिवंगत मालक पीटर अँजेलोस यांच्या वाट्याला एक परिच्छेद आला आहे. १९९८ ते २०११ असे सलग १४ मोसम हार जास्त आणि जीत कमी, २०१८ मध्ये १६२ पैकी ११५ सामन्यांत पराभव, शेवटी अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या मालमत्तेवरून घरात कोर्टकज्जा. यातले एक अक्षरही खोटे नाही. तरीही तो परिच्छेद वाचून मला फार वाईट वाटले. मी उभी हयात मुंबईत कामगारांच्या बाजूने वकिली केली आणि माझ्या व्यवसायातल्या माणसाला अँजेलोस हे नाव आठवते ते वेगळ्याच कारणांसाठी. ती कारणे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावीत म्हणून हे पत्र.

अँजेलोस २३ मार्च २०२४ रोजी वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी. तिसऱ्याच दिवशी ‘डाली’ हे मालवाहू जहाज बाल्टिमोरच्या पुलावर आदळले, पूल कोसळला, त्यावर रस्तादुरुस्तीचे काम करणारे सहा मजूर दगावले. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते, त्यामुळे आपल्याकडच्या बातम्याही त्या आठवड्यात पुलानेच व्यापल्या. अँजेलोस यांच्या निधनाची बातमी त्यात कुठल्या कुठे गेली. पण तो पूल जिथे पडला त्याच्या शेजारीच स्पॅरोज पॉइंट आहे, आणि या माणसाची खरी गोष्ट तिथली आहे.

स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा कारखाना होता. एके काळी जगातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना म्हणून त्याची ख्याती होती, लागूनच गोदी होती. भट्ट्या, वाफेचे पाइप, जहाजांचे बॉयलर, जिथे म्हणून उष्णता अडवायची तिथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेला असे. ते कापताना, बसवताना, उखडताना त्याचे बारीक तंतू हवेत उडत. ते फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी माणसाला धाप लागू लागते, किंवा फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकाही या रोगाने गेल्या आहेत.

आता वकिलाच्या नजरेने पाहा. रोग उघड होतो तेव्हा माणूस निवृत्त झालेला असतो. कुठल्या साली, कुठल्या खात्यात, कोणत्या कंपनीचा माल हाताळला हे त्याला आठवतही नसते. मालकावर थेट दावा लावावा तर तिथल्या कामगार भरपाई कायद्याने ती वाट बंद. राहतात ते अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणारे आणि पुरवणारे उद्योग, त्यांच्याकडे वकिलांची फौज. अशा कामगाराची केस कोण घेणार?

अँजेलोस यांनी घेतली, आणि एकदोन नव्हे, हजारोंनी घेतली. पोलाद आणि बांधकाम कामगारांच्या युनियनचे काम ते आधीपासून पाहत होते, त्या ओळखीतून माणसे येत गेली. १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात साडेआठ हजारांहून जास्त कामगारांचे दावे एकत्र करून चालवले गेले. त्या लढाईच्या मध्यभागी हे उभे होते. एकेकट्या कामगाराचा दावा कंपन्या वर्षानुवर्षे लांबवू शकतात. हजारो दावे एकदम समोर आले की त्यांना तडजोडीला बसावे लागते.

मी स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. कापसाच्या तंतूने छाती गेलेले साचेवाले मी लहानपणापासून पाहिले आणि पुढे अशील म्हणूनही भेटले. पिवळ्या पाकिटात घडी घालून आणलेला एक्स-रे, हजेरीची जुनी कार्डे, ईएसआयच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या, सगळे सुतळीने बांधलेले. खोकला गिरणीतल्या कामामुळेच झाला, विडीमुळे नव्हे, हे सिद्ध करता करता दम निघायचा. माझाही आणि अशिलाचा तर खराखुरा. बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या तंतूने होणारा हा छातीचा रोग, कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून लिहिलेला आहे, पण परिशिष्टात असणे आणि पदरात पडणे यांत केवढे अंतर आहे ते त्या खोलीत बसलेल्यालाच कळते. म्हणून हजारो फुफ्फुसांचा हिशेब मागणारा वकील मला मोठा वाटतो.

त्यांनी यात अफाट पैसा कमावला, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. तिकडे चालते: हरलो तर काही नको, जिंकलो तर वसुलीतला ठरलेला हिस्सा. गरीब अशिलाला त्यामुळे वकील मिळतो आणि वकील कोट्यधीश होतो. मेरीलँड राज्याने तंबाखू कंपन्यांवर दावा लावला तेव्हाही वकील हेच होते. राज्याच्या वाट्याला सुमारे ४.४ अब्ज डॉलर आले, आणि यांनी फी मागितली साधारण एक अब्ज डॉलर. बरीच ओढाताण होऊन २००२ मध्ये १५ कोटी डॉलरवर मिटले. सार्वजनिक पैशातून एवढी मागणी करणे मला पटत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या फीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती जोखीम दुसरे कुणी पत्करत नव्हते.

हा माणूस आला कुठून? आईवडील ग्रीसच्या कार्पाथोस बेटावरून आलेले. जन्म पिट्सबर्गचा, ४ जुलै १९२९. वाढले बाल्टिमोरच्या हायलँडटाउन या कामगार वस्तीत, जिथे वडिलांचा दारूचा गुत्ता होता. १९५९ मध्ये ते नगरपरिषदेवर निवडून आले, ग्रीक वंशाचे तिथले पहिले नगरसेवक. बाल्टिमोर विद्यापीठाची कायद्याची पदवी हाती आली ती १९६१ मध्ये, म्हणजे आधी नगरसेवक आणि मग वकील. १९६७ मध्ये महापौरपदासाठी उभे राहिले आणि डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीतच थॉमस डी’अलेसँड्रो यांच्याकडून हरले. (हे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी यांचे थोरले भाऊ.) निवडणुकीचे राजकारण तिथे संपले, पक्षाशी नाते शेवटपर्यंत टिकले.

ओरिओल्स त्यांनी विकत घेतले ऑगस्ट १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयातल्या लिलावात, १७ कोटी ३० लाख डॉलरना. तोवर कुठल्याही क्रीडा संघाला एवढी किंमत आली नव्हती. बाल्टिमोरकरांना या लिलावाची धास्ती का होती, हे आपल्या लेखात यायला हवे होते. १९८४ च्या मार्चमध्ये त्यांचा कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ मालकाने एका रात्रीत ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला हलवला होता. ओरिओल्सचे आधीचे मालक न्यूयॉर्कचे. आता गावातलाच एक माणूस गावातली मंडळी जमवून बोली लावत होता, आणि संघ गावात राहिला. तिथल्या लोकांसाठी त्या दिवशी याहून महत्त्वाचे काही नव्हते.

आणि मग १९९५. आपल्या लेखात या वर्षाचा उल्लेखही नाही, माझी मुख्य तक्रार हीच आहे. १२ ऑगस्ट १९९४ रोजी बेसबॉल खेळाडू संपावर गेले, कारण मालकांना वेतनावर कमाल मर्यादा घालायची होती. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, रद्द झाली. हिवाळा उलटला तरी संप मिटेना, तेव्हा मालकांनी ठरवले की संपकऱ्यांच्या जागी मिळतील ते बदली खेळाडू घेऊन मोसम सुरू करायचा. बाकी सगळे संघ त्या तयारीला लागले. मालक म्हणून ठाम नकार दिला तो एकट्या अँजेलोस यांनी. संपफोड्यांचा संघ मी उतरवणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांच्या संघाचे सराव मोसमातले सामने रद्द झाले, इतर मालकांनी दबाव आणला, हे हलले नाहीत.

काही जण म्हणतील, लाखो डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंचा कसला आलाय संप! मला हे मान्य नाही. पगार किती यावर संपाचा हक्क ठरत नाही. आणि जन्मभर युनियनच्या वकिलीवर जगलेला माणूस स्वतः मालक झाल्यावर मालकांच्या रांगेत गपचूप उभा राहत नाही, हे दृश्य मी आमच्या गिरणगावात कधी पाहिले नाही. १९८२ च्या संपात असा एक जरी मालक निघाला असता तर!

त्यांच्या नकारात व्यवहारही होता, तो नाकारण्याचे कारण नाही. ओरिओल्सचा कॅल रिपकेन तेव्हा सलग २००९ सामने खेळला होता आणि लू गेहरिगचा २१३० सामन्यांचा विक्रम त्याच्या टप्प्यात होता. बदली खेळाडूंनी अधिकृत सामने खेळले असते तर त्याची साखळी तुटण्याचा धोका होता. ३१ मार्चला न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि संप मिटला. ६ सप्टेंबर १९९५ ला कॅमडेन यार्ड्स मैदानावर सामना अधिकृत धरण्याइतका पुढे सरकला, समोरच्या लाल विटांच्या गोदामावर टांगलेला आकडा २१३० चा २१३१ झाला आणि खेळ बावीस मिनिटे थांबला. प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन होते. त्या रात्रीच्या कौतुकातला थोडा वाटा मालकाचाही आहे.

संघ चालवण्यात ते चुकले, आणि वाईट चुकले. १९९६ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापक पॅट गिलिक यांना बॉबी बोनिया आणि डेव्हिड वेल्स यांना दुसऱ्या संघांकडे धाडायचे होते. अँजेलोस यांनी अडवले आणि त्याच संघाने बाद फेरी गाठली. माझा अंदाज असा की तो निर्णय फळला हेच पुढे नडले. खेळातलेही आपल्याला कळते, असे त्यांना वाटू लागले. १९९७ मध्ये संघ ९८ सामने जिंकून गटात पहिला आला, आणि प्रशिक्षक डेव्ही जॉन्सन यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले गेले त्याच दिवशी त्यांनी मालकाशी बिनसल्याने राजीनामा दिला. पुढचे चौदा मोसम आपल्या लेखकाने मोजलेच आहेत. २०२४ मध्ये संघ १७२.५ कोटी डॉलरना विकला गेला, म्हणजे खरेदीच्या जवळजवळ दहापट.

एक विनंती करून थांबतो. ज्या हिवाळ्यात तिकडे मालक बदली खेळाडू गोळा करत होते, त्याच हिवाळ्यात, २७ जानेवारी १९९५ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने निकाल दिला: बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाई, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा ती सुटल्यावर १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवायची. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आपल्याकडे अजून चालू आहे आणि त्याचे सिमेंटचे पत्रे बाजारात सर्रास मिळतात. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत या नोंदी आज कुणाच्या कपाटात आहेत, किती कामगारांना ते लाख रुपये मिळाले, हे आपल्या वार्ताहराने जाऊन विचारावे. कागदपत्रे वाचायला कुणी हवे असेल तर मी विनामूल्य बसायला तयार आहे.

– आपला एक जुना वाचक, निवृत्त वकील, लालबाग, मुंबई