अनुयायांचा नियम पूर्ण वाचावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टेबलाभोवती बसून खेळायच्या काल्पनिक भूमिका-खेळांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचून समाधान वाटले, कारण पणजी, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी हे खेळ खेळणारी तरुण मुले आता दिसू लागली असली तरी त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. मात्र ‘सहावी लेव्हल गाठली की पात्राला अनुयायांची फौज मिळते’ असे एक वाक्य त्या लेखात ओझरते येऊन गेले आहे. (पात्र म्हणजे खेळाडू ज्याची भूमिका करतो तो काल्पनिक माणूस, आणि लेव्हल म्हणजे अनुभवागणिक वर सरकणारी त्याची पायरी.) ते अर्धेच खरे आहे. फोंड्यातील एका गटात डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, म्हणून मी बसत आलो आहे, आणि एरवी गुण्यागोविंदाने खेळणारी मंडळी हमरीतुमरीवर येतात ती बऱ्याच वेळा याच नियमावरून, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ 1974 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासूनच पदरी माणसे बाळगण्याची सोय त्यात आहे. पात्राचा करिझ्मा, म्हणजे इतरांवर छाप पाडण्याची ताकद, हा गुण तीन फाशांच्या बेरजेने 3 ते 18 यांच्या दरम्यान ठरे, आणि 10 ते 12 करिझ्मा असलेल्याला चार, 16 किंवा 17 असलेल्याला सहा, तर 18 असलेल्याला बारा माणसे ठेवता येत. ही कमाल मर्यादा होती. माणूस हवा असेल तर त्याला काहीतरी देऊ करावे लागे, आणि तो देकार ऐकून समोरचा काय करील हे दोन फाशांची बेरीज सांगे. 12 आली तर तो उत्साहाने सामील होई, आणि 2 आली तर चक्क अंगावर धावून येई. 1981 च्या सुटसुटीत आवृत्तीत तर 2 आल्यावर तो माणूस अपमान झाल्याचे गावभर सांगत सुटतो आणि त्या गावातल्या पुढच्या प्रत्येक देकारावर एकाची वजाबाकी होते, अशी तरतूद आहे. गोव्यातल्या कोणत्याही वाड्यावर वाढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागू नये. (18 करिझ्मा असलेली पात्रे मात्र आमच्याकडे बहुधा अशाच खेळाडूंच्या वाट्याला येतात, जे संध्याकाळभर तोंडातून शब्द काढत नाहीत.)

याच 1981 च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे नवे खेळाडू हमखास दुर्लक्ष करतात: प्रत्येक मोहिमेनंतर पदरच्या माणसाचे मनोधैर्य फाशांवर तपासायचे, आणि त्यात तो नापास झाला की पुन्हा त्या पात्राबरोबर मोहिमेवर यायचा नाही. पगार दिला होता, वागवलेही बरे होते, मग तो का जातो, असे खेळाडू विचारतात. त्यांना मी आपल्याच इतिहासाकडे बोट दाखवतो. 1895 साली पोर्तुगीज सरकारच्या चाकरीतील मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी समुद्रापार जायला नकार देऊन बंड केले आणि सत्तरीच्या राणे मंडळींनी त्यांना साथ दिली. ते शिपाई कालपर्यंत पगारावरच होते. चाकरी कोणत्या कामासाठी पत्करली आहे याची प्रत्येक माणसाच्या मनात एक हद्द असते, आणि मनोधैर्याचा फासा टाकताना सूत्रधाराने त्या हद्दीचा विचार करावा, एवढेच त्या नियमाला अपेक्षित आहे.

1974 नंतरच्या दुसऱ्या, अधिक विस्तृत आवृत्तीत ही माणसे वेगवेगळ्या वर्गांत विभागली गेली. रोजंदारीवरचे पगारी लोक वेगळे, पात्राच्या व्यक्तिमत्त्वाला भुलून आलेले आणि त्याच्याबरोबर वाढणारे सहकारी वेगळे, आणि नाव ऐकून आपणहून येणारे अनुयायी वेगळे. या शेवटच्या वर्गालाही अटी होत्याच. 1978 च्या पुस्तकात दहाव्या लेव्हलच्या रेंजरला, म्हणजे रानावनात मुरलेल्या योद्ध्याला, 2 ते 24 अनुयायी मिळतात, पण त्यांतला जो गेला तो गेला, त्याच्या जागी दुसरा अनुयायी येत नाही. 1989 च्या आवृत्तीत नवव्या लेव्हलच्या योद्ध्याकडे सैनिक येतात, परंतु त्यासाठी त्याच्याजवळ किल्ला किंवा गढी आणि भोवतालची जमीन असावी लागते, आणि त्यांना वाईट वागवले किंवा मोहीम पार फसली तर ते पळून जातात, प्रसंगी उलटतात, हेही तिथेच नोंदलेले आहे.

लेखातील ‘सहावी लेव्हल’ आली आहे ती 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीतून आणि तिच्या 2003 च्या सुधारित रूपातून. तिथे ‘लीडरशिप’ नावाचे एक खास कौशल्य आहे. ते सहाव्या लेव्हलपासून घेता येते, पण आपोआप मिळत नाही. खेळाडूला दुसरे एखादे कौशल्य सोडून ते निवडावे लागते. त्याचा गुणांक म्हणजे पात्राची लेव्हल अधिक करिझ्म्याचा बोनस, आणि त्या गुणांकासमोर एक प्रमुख साथीदार किती लेव्हलचा व अनुयायी किती, याचा तक्ता दिलेला आहे. वाद इथेच सुरू होतो, कारण खेळाडू तक्ता पाहतो आणि त्याच्या शेजारच्या वजाबाक्या पाहत नाही.

एक उदाहरण घेऊ. आठव्या लेव्हलचे पात्र आहे, करिझ्मा 16 म्हणजे बोनस 3, तेव्हा गुणांक 11 झाला. तक्त्याप्रमाणे त्याला पहिल्या लेव्हलचे सहा अनुयायी मिळतात. साथीदार तक्त्यात सातव्या लेव्हलचा दिसतो, पण साथीदार नेत्यापेक्षा निदान दोन लेव्हलने खाली असलाच पाहिजे असा नियम असल्याने प्रत्यक्षात तो सहाव्या लेव्हलचाच येईल. आता या पात्राची मोठी कीर्ती असेल तर 2 वाढतात, आणि त्याने कायमचे ठाणे उभारले असेल तर अनुयायांसाठी आणखी 2. गुणांक 15 होतो, आणि सहाच्या जागी तेवीस माणसे गोळा होतात. उलट, हेच पात्र क्रूर म्हणून ओळखले जात असेल तर 2 वजा होऊन गुणांक 9 वर येतो. 9 गुणांकाला अनुयायी नाहीत. एकही नाही. लेव्हल तीच आणि करिझ्माही तोच असताना एकाकडे तेवीस आणि दुसऱ्याकडे शून्य, ही तफावत नियमानेच ठेवली आहे, सूत्रधाराने मनमानी करून नव्हे. सतत भटकत राहणाऱ्याचा एक गुण जातो, लोकांपासून फटकून राहणाऱ्याचा एक, आणि अनुयायांच्या मृत्यूला कारण झालेल्याचाही एक.

खेळाडूंची बाजू मला मान्य नाही असे नाही. कौशल्याची एक जागा खर्च करून लीडरशिप घेतल्यावर सूत्रधाराने ‘गावात कोणी तयारच नाही’ म्हणून हात झटकले, तर ती फसवणूकच होय. म्हणून माझे मत असे आहे की संख्या ही खेळाडूची आहे, आणि सर्व बेरजा-वजाबाक्या केल्यावर जी उरेल ती सूत्रधाराने एकानेही कमी करू नये. पण येणारी माणसे कोण, कुठली, कशाला भिणारी आणि कशावर रुसणारी, हे ठरवण्याचा हक्क सूत्रधाराचा आहे. साथीदाराच्या बाबतीत नियमाची भाषा बरीच स्पष्ट आहे: विशिष्ट वंशाचा, पेशाचा आणि वृत्तीचा साथीदार मिळवण्याचा खेळाडूने प्रयत्न करावा. प्रयत्न म्हटले की तो फसण्याची शक्यता आलीच. या कौशल्याचा सगळा तपशील सूत्रधाराच्या पुस्तकात ठेवला आहे, तो याच कारणाने असावा.

साथीदाराच्या मृत्यूला कारण झाल्यास 2 वजा होतात, आणि प्रत्येक मृत्यूगणिक ती वजाबाकी साचत जाते. ‘कारण होणे’ कशाला म्हणायचे, यावर नियम फारसा बोलत नाही. खांद्याला खांदा लावून लढताना साथीदार पडला तर मी काही वजा करत नाही. नेत्याने स्वतः बाहेर थांबून त्याला सापळ्याच्या वाटेवर पुढे धाडले असेल, तर दोन्ही गुण वजा करतो, मग खेळाडू कितीही हुज्जत घालो. अनुयायांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण त्यांना अनुभवाचे गुण मिळत नाहीत आणि त्यांची लेव्हल वाढत नाही. नेत्याची लेव्हल वाढली तर फक्त नवे अनुयायी येतात. पहिल्या लेव्हलचा माणूस भुयारात नेणे म्हणजे त्याला मारायला नेणे. आमच्या गटाचे काल्पनिक राज्य खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या, प्रदेशासारखे बेतलेले आहे, तेव्हा तिथले अनुयायी बांध राखतात, भरती-ओहोटीप्रमाणे मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याच्या वाटेची, दारे सांभाळतात, बाजारातल्या वार्ता आणतात आणि नेता परतेपर्यंत ठाण्याचा हिशेब ठेवतात. ज्या खेळाडूला हे कंटाळवाणे वाटते, त्याने लीडरशिपऐवजी तलवारीचे एखादे कौशल्य घ्यावे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शेवटी, 2009 च्या ‘पाथफाइंडर’ या तशाच धर्तीच्या दुसऱ्या खेळात हेच कौशल्य सातव्या लेव्हलला येते, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत ते नाहीच, तिथे कुशल माणसाला दिवसाला 2 सोन्याची नाणी आणि अकुशल माणसाला 2 चांदीची नाणी मोजून कामावर ठेवता येते. 2024 च्या नियमांत पाचव्या लेव्हलपासून पात्राला स्वतःचे ठाणे आणि तिथे राबणारी माणसे मिळू लागतात, तो प्रकार आणखी निराळा. मला भेटणारी नवी मुले बहुधा याच दोन आवृत्त्या खेळतात, त्यांना ‘सहावी लेव्हल’ लागूच पडत नाही. तेव्हा पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा नियम कोणत्या आवृत्तीतला आहे, तिच्या वर्षासह नमूद करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा – गोवा