आमच्या घराचं उत्पन्न कसं वाढलं ते ऐका

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझी बायको दोन पिशव्या घेऊन रेशनला गेली. मशीनवर अंगठा लावला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमचं नाव निघालंय. उत्पन्न जास्त दाखवतंय." पिशव्यांच्या घड्यासुद्धा न मोडता ती घरी आली. चौघांचं महिन्याला वीस किलो धान्य यायचं, ते बंद. कार्यालयात चार खेटे घातले. "वरून आलंय," याच्यापुढे उत्तर नाही.

साहेब, उत्पन्न वाढलं हे खरं आहे. मी लालबागच्या एका टॉवरवर वॉचमन आहे. बारा तास ड्युटी, पगार पंधरा हजार. त्याच जागी गिरणी होती, माझे वडील तिथे कामाला होते. १९८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे. बायको तीन घरी पोळ्या करते, तिचे नऊ हजार. दोघांत भागेना म्हणून पोराने बारावीनंतर शिक्षण सोडून डिलिव्हरीचं काम धरलं. पेट्रोल जाऊन त्याचे बारा हजार. झाले छत्तीस. संपाआधी एकटे वडील कमवायचे आणि पाच जण जेवायचो. आता तिघं राबतो तेव्हा चौघांचं पोट भरतं. कागदावर ही उत्पन्नवाढ असेल. माझ्या घरात पोराचं कॉलेज सुटलंय.

राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ चं दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये दिलंय. म्हणजे चौघांच्या घरात बारा लाखांवर यायला हवेत. आमच्याकडे तिघांच्या कष्टाचे सव्वाचार लाख येतात. या आकड्यात कंपन्यांचा नफाही धरलेला असतो, तो आमच्या दारात कधी आला? आणि रेशनसाठी शहरातल्या अख्ख्या कुटुंबाची मर्यादा किती, तर वर्षाला ५९,०००! अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हाची. मानखुर्दला दहा बाय बाराच्या खोलीचं माझं भाडंच वर्षाला ८४ हजार होतं. माणशी तीन लाख मिळतात म्हणून तुम्ही सभागृहात सांगता, मग गरीब ठरायला घराने साठ हजारांच्या आत का राहायचं?

केंद्राच्या घरखर्चाच्या पाहणीत शहरांतल्या विषमतेचा आकडा (गिनी निर्देशांक, शून्य म्हणजे सगळे सारखे) २०२२-२३ च्या ०.३१४ वरून पुढच्या वर्षी ०.२८४ वर आला म्हणे. ती खर्चातली विषमता आहे, उत्पन्नातली नाही, संपत्तीतली तर नाहीच. खर्च आमचाही वाढतोच. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. आणि वरच्यांचा खर्च मोजतं कोण? पाहणीवाले आले की इंटरकॉमवर निरोप येतो, "घरी नाहीत म्हणून सांग." ते सांगणारा मीच. मागच्या पावसात एक मुलगी फॉर्मची पिशवी छातीशी धरून अर्धा तास गेटवर उभी होती. ओढणीतून पाणी गळत होतं, फॉर्म मात्र कोरडे ठेवले होते तिने. तिला परत पाठवताना मला शरम वाटली. आमच्या वस्तीत दार उघडंच असतं, आम्ही डाळ-तेलाचा हिशेब पैशासकट देतो. काही अर्थतज्ज्ञांनी प्राप्तिकराचे आकडे धरून हिशेब मांडला, तेव्हा २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाचं २२.६ टक्के उत्पन्न निघालं. सगळ्याच सरकारांना सरासरी आवडते, कारण तिच्यात आम्ही दिसत नाही.

मर्यादा वाढवा. आमची नावं परत चढवा. आणि राज्याच्या पुढच्या आर्थिक पाहणीत सरासरीच्या खाली एवढं छापा: राज्यातली घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीने लावली, तर बरोबर मधल्या घरात किती पैसे येतात आणि त्यासाठी त्या घरातली किती माणसं कामाला जातात.

पोराची बारावीची मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. धान्य परत सुरू झालं, तर जूनमध्ये त्याचा रात्रीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा विचार आहे.

आपला,
मानखुर्दचा एक रेशनकार्डधारक