बाटली कुठे उघडली, तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला ज्वालामुखींवरचा लेख आवडीने वाचला. शिलारसात विरघळलेला वायू दाब कमी होताच उसळून बाहेर येतो, हे सांगताना लेखकाने सोड्याच्या बाटलीचे उदाहरण दिले आहे. ते चोख आहे. पण पुढे 'इतर ग्रहांवरही असेच घडते' एवढ्यावर विषय आटोपला, ते मात्र खटकले. तीच बाटली समुद्रात ९०० मीटर खोल नेऊन उघडली, तर एक बुडबुडाही उठणार नाही.

शुक्राच्या जमिनीवर जवळपास तेवढाच दाब आहे, आपल्या हवेच्या सुमारे ९० पट. त्या ओझ्याखाली बुडबुडे फुगायलाच जागा मिळत नाही. शिलारसाच्या ठिकऱ्या उडायच्या, तर त्यात वायू भरपूर हवा. एरवी तो नुसता वाहत जातो. म्हणून शुक्र थंडावला आहे असे मात्र नाही. मॅजेलन यानाने १९९१ मध्ये घेतलेल्या रडार प्रतिमांत माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचे एक मुख काही महिन्यांत रुंदावलेले आणि आकार बदललेले आहे. ते लक्षात आले २०२३ मध्ये!

मंगळाची गोष्ट नेमकी उलट. तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. अगदी थोडा वायूसुद्धा इतका फुगतो, की पृथ्वीवर सहसा संथ वाहणाऱ्या बेसॉल्ट जातीच्या लाव्हाचाही तिथे भुगा होऊ शकतो. मंगळ म्हटले की ऑलिंपस मॉन्स या महाकाय ज्वालामुखीचेच चित्र छापले जाते. तो मुख्यतः वाहत्या लाव्हाने रचलेला आहे. टिऱ्हेनस मॉन्ससारखे पसरट, झिजलेले डोंगर बहुधा राखेचे आहेत, त्यांची कुणी दखल घेत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक लहानसा दगड. मंगळावर फिरलेल्या स्पिरिट रोव्हरला तिथल्या 'होम प्लेट' नावाच्या पठारावर थराथरांच्या खडकात जेमतेम ४ सेंटिमीटरचा दगड रुतलेला दिसला. त्याच्याखालचे बारीक थर दाबून वाकलेले. उद्रेकात उडालेला दगड मऊ, बहुधा ओल्या राखेत येऊन आदळला, त्याची ही खूण. तो किती वेगाने आदळला असेल, याचे संशोधकांनी प्रयोग केले. हवा जितकी दाट, तितका दगडाचा वेग रोखला जातो; त्यावरून त्या काळी मंगळाची हवा आजच्यापेक्षा पुष्कळ दाट असावी, असा अंदाज त्यांनी बांधला.

बुधाचे गुरुत्वाकर्षण जवळजवळ मंगळाइतकेच, पण हवा म्हणावी अशी नाहीच. मग राखेचा ढग तरंगणार कशावर? प्रत्येक कण भिरकावलेल्या चेंडूसारखा एकटा जाऊन पडतो. मेसेंजर यानाला तिथे वेड्यावाकड्या खड्ड्यांभोवती दूरवर पसरलेले लालसर, उजळ डाग दिसले. सूर्याच्या इतक्या जवळच्या ग्रहात स्फोटापुरता वायू उरला असेल, अशी फारशी अपेक्षा नव्हती.

चंद्र ग्रह नव्हे, पण पुरावा हातात आला तो तिथलाच. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना राखाडी धुळीखाली नारिंगी माती दिसली. ती म्हणजे सरासरी ०.०४ मिलिमीटरचे काचेचे मणी. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी उसळलेल्या शिलारसाच्या कारंजातले थेंब उडता उडता गोठले, ते हे.

अशा लेखांची कात्रणे मुले वहीत चिकटवतात. तेव्हा पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट द्यावी आणि तीत प्रत्येक ग्रहाच्या नावापुढे तिथला हवेचा दाब छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक