ओतकाम शिकवणाऱ्यांचे तास कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम आला की कॉलेजांच्या माहितीपत्रकांत पेटत्या भट्टीचा फोटो हमखास असतो. ती भट्टी सत्रात किती वेळा पेटते आणि पेटल्यावर तिच्याजवळ कोणते सर किंवा मॅडम उभे असतात, याबद्दल मात्र एक ओळ नसते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना (ओतकामाचे कारखाने चालवणाऱ्यांना) नेमके हेच विचारायचे असते.

वेळापत्रकात कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू करण्याचे, प्रॅक्टिकल दोन तासांचे. तेवढ्यात जेमतेम मोल्डिंग, म्हणजे वाळूचा साचा करणे, उरकते. वाळू मळणे आणि तपासणे, लॅडल (रस ओतायचे पळीसारखे भांडे) तापवणे, धातू वितळवणे, रस ओतणे, थंड झाल्यावर साचा फोडणे, रायझर (आकसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवणारा जादा भाग) कापणे, तुकडा चिरून पाहणे हे सगळे धरले तर साध्या ॲल्युमिनियमच्या कामालाही दीड-दोन दिवस जातात. त्यातले दोन तास शिक्षकाच्या खात्यावर लागतात, बाकीचे त्याची हौस म्हणून सोडून दिले जातात.

वाळूचेच पाहा. सिलिका वाळूत ६ ते १० टक्के बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि ३ ते ४ टक्के पाणी, हे पुस्तकात असते. मूठ आवळून उघडल्यावर बोटांचे ठसे उमटले, गोळा मधोमध स्वच्छ मोडला आणि तळहात ओला झाला नाही, तर वाळू जमली, हे शेजारी उभा राहणारा शिक्षकच दाखवू शकतो. मग तीच वाळू यंत्रावर तपासायची : ६.३५ किलोचे वजन ५० मि.मी. उंचीवरून तीनदा सोडायचे आणि ५० मि.मी. व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा नमुना करायचा. उंची ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की नमुना बाद. मुलांची नेहमीची चूक म्हणजे वाळू उघडी ठेवून चहाला जाणे. एप्रिलच्या उन्हात अर्ध्या तासात तिचा ओलावा उडतो आणि आकडे खोटे येतात.

भट्टीपाशी तर डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. एलएम-२५ (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) साधारण ७२० अंशांवर ओतता येते. मिसरन आला, म्हणजे रस साचा पुरा भरण्याआधीच थिजला, की मुले तापमान वाढवू पाहतात, पण रस जितका तापेल तितका हायड्रोजन जास्त शोषतो आणि श्रिंकेजही (थिजताना आकसणे) वाढते. डीगॅसिंगची (रसातला गॅस काढण्याची) गोळी प्लंजरने (लांब दांड्याच्या हत्याराने) थेट तळाशी धरायची असते. प्लंजर दमट असेल तर काढला तेवढा गॅस परत आत जातो. ओला इन्गॉट (धातूची लगड) वितळलेल्या रसात टाकला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उडतो. नायलॉनचा शर्ट घालून आलेल्या मुलाला परत पाठवणे आणि उरलेला रस काँक्रीटच्या फरशीवर न ओतता कोरड्या, तापवलेल्या साच्यातच ओतायला लावणे, ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेली नसतात.

खरे शिक्षण तुकडा करवतीने चिरल्यावर होते. मुलांच्या अहवालात प्रत्येक भोक ‘ब्लो होल’ असते. भिंगाखाली पाहिले तर गुळगुळीत, गोल, चकचकीत भोक गॅसचे असते. जाड भागात किंवा रायझरच्या मानेखाली खरबरीत, झाडाच्या फांद्यांसारखी पोकळी दिसली तर ते श्रिंकेज. पहिल्यावर उपाय सुकवणे, डीगॅसिंग, व्हेंट (गॅस निघायची वाट). दुसऱ्यावर रायझर किंवा चिल (तो भाग लवकर थंड करणारा धातूचा तुकडा). निदान चुकले की उपायही चुकला, आणि नोकरीत हीच चूक टनांनी रिजेक्शन देते.

रायझरचे गणितही असेच अंगावर येते. १०० मि.मी.च्या घनाचे मॉड्युलस, म्हणजे आकारमान भागिले पृष्ठफळ, १६.७ मि.मी. रायझर कास्टिंगनंतर थिजावा म्हणून त्याचे मॉड्युलस १.२ पट, म्हणजे २० धरले, तर उंची-व्यास सारख्या असलेल्या रायझरचा व्यास येतो १२० मि.मी.! कास्टिंगपेक्षा रायझर मोठा. मूल तिथे अडखळले की इन्सुलेटिंग स्लीव्ह (रायझरची उष्णता धरून ठेवणारे वेष्टन) समजावण्याची वेळ आली. संगणकावरचे सिम्युलेशन यानंतरचे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी कास्टिंग सिम्युलेशनचे आणि ई-फाउंड्री या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमाचे मोठे काम उभे केले, त्याचा उपयोग जरूर करावा. पण पडद्यावरचा हॉटस्पॉट (सर्वांत शेवटी थिजणारी जागा) आणि चिरलेला तुकडा समोरासमोर ठेवून दाखवायला माणूस लागतोच.

अमेरिकेत १९४७ मध्ये सुरू झालेल्या फाउंड्री एज्युकेशनल फाउंडेशनने हे ओळखले. तिच्याशी जोडलेल्या विद्यापीठांत एक ‘की प्रोफेसर’ असतो. उद्योग आणि विद्यार्थी यांच्यातला दुवा तोच. आपल्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचे कोल्हापूर चॅप्टर आहे, कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. विद्यापीठांनी ओतकामाचा दिवस शिक्षकाच्या कार्यभारात पूर्ण दिवस धरावा. दर उन्हाळ्यात त्याला पंधरा दिवस पगारी कारखान्यात पाठवावे. निवृत्त मोल्डरला मानधनावर लॅबमध्ये घ्यावे. त्याच्याकडे पदवी नसेल, पण रॅमर (वाळू ठोकण्याचे हत्यार) कुठे हलका मारायचा हे त्याला कळते. क्रुसिबल (धातू वितळवण्याची मूस) आणि बेंटोनाइटसाठी वेगळी तरतूद हवी, नाहीतर भट्टी फोटोपुरतीच राहते.

आणि पालकांनी कॉलेज पाहायला गेल्यावर भट्टी नंतर पाहावी. आधी लॅबच्या रॅकवर करवतीने चिरलेले, खडूने खुणा केलेले तुकडे आहेत का, ते पाहावे.

आपले,
ओतकाम क्षेत्रातील काही वाचक, कोल्हापूर